गोळीने जळजळ थांबली नाही, म्हणजे आम्ल फार वाढले आहे का?

'पित्ताची गोळी लागू पडत नसेल तर पोटात आम्ल फार झाले आहे, डोस दुप्पट करा,' असा सल्ला पुण्यात घरोघरी फिरणाऱ्या संदेशांतून वर्षानुवर्षे दिला जातो. तो पटण्याजोगा वाटतो, कारण जळजळ खरीच असते.

पण आधी गोळी कशी घेतली जाते, ते पाहावे. पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल ही पित्ताची गोळी जठरातील आम्ल सोडणारे पंप बंद करते आणि हे पंप जेवणाने जागे होतात. म्हणून ती जेवणाआधी 30 ते 60 मिनिटे घ्यावी लागते. सकाळी मिसळ खाऊन झाल्यावर, त्रास होईल तेव्हाच घेतलेल्या गोळीचा पुरेसा उपयोग होत नाही, आणि पूर्ण परिणामाला तर रोज घेऊनही काही दिवस लागतात.

वेळ पाळूनही आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तर कारण बहुधा वेगळे असते: आम्लविरहित द्रव वर येणे, अन्ननलिका अतिसंवेदनशील होणे, किंवा आम्लाशी संबंधच नसणे. अशा वेळी डोस वाढवून फारसे साधत नाही. एंडोस्कोपीनंतर (दुर्बिणीने अन्ननलिका व जठर तपासल्यानंतर) नाकातून अन्ननलिकेत बारीक नळी घालून 24 तास पीएच (आम्लता) आणि इम्पीडन्स (विद्युतरोध, ज्यावरून आम्ल नसलेला द्रव वर आला तरी कळते) मोजतात. आम्ल वर येते का आणि त्याच वेळी जळजळ होते का, हे त्यातून कळते.

गिळताना अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा चालताना छातीत दुखणे यांपैकी काहीही असल्यास मात्र आठ आठवडे थांबू नये, लगेच डॉक्टरांकडे जावे.