पीएम-किसानचा अर्ज पीक का विचारत नाही?

ऊस लावा, तंबाखू लावा की सोयाबीन, पीएम-किसान या शेतकऱ्यांना थेट पैसे देणाऱ्या केंद्राच्या योजनेच्या अर्जात ते कुणी विचारत नाही. विचारतात ती जमीन. यामागचं एक कारण जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात सापडतं. तो १९९५ पासून लागू आहे. पिकाच्या दराला बांधलेली मदत भारतासारख्या देशाला त्या पिकाच्या उत्पादन मूल्याच्या १० टक्क्यांपर्यंतच देता येते. आपल्या उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, इथंच अडकली. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये निकाल लागला, की २०१४-१५ ते २०१८-१९ या हंगामांत भारताने मर्यादा ओलांडली. उसाचं बिल कारखाना देतो, सरकार नाही, हे भारताचं म्हणणं टिकलं नाही. भारताने अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच ठप्प आहे.

पीक आणि दर यांच्याशी संबंध नसलेल्या थेट मदतीला मात्र मर्यादा नाही. तिला 'हरित पेटी' म्हणतात. तिची अट अशी, की पात्रता एका ठरलेल्या काळावर बेतलेली हवी. पीएम-किसानमध्ये १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख आहे, ती या अटीशी चांगलीच जुळते. त्या दिवशी जमीन नावावर हवी. नंतर विकत घेतलेली चालत नाही, वारसाने आलेली चालते.

वर्षाला ६००० रुपये, तीन हप्त्यांत. आयकर भरणारे, सरकारी नोकर आणि महिना १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारे (दोन्हींत चतुर्थ श्रेणी वगळता), डॉक्टर-वकील यांना मिळत नाहीत.

कागदपत्रं: आधार, आधार जोडलेलं बँक खातं, मोबाइल नंबर आणि जमिनीचा उतारा. कर्नाटकात त्याला पहाणी किंवा आरटीसी म्हणतात, महाराष्ट्रात सातबारा. कर्नाटकात आधी 'फ्रूट्स' या राज्याच्या शेतकरी नोंदणी पोर्टलवर नोंदणी करून एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक, काढून घ्या. रयत संपर्क केंद्रात ते काम होतं. सगळे सर्व्हे नंबर त्यात जोडलेत का, तिथंच बघा. पहाणी कन्नडमध्ये असते, आधारवर नाव वेगळ्या वळणाने असतं. आडनाव, वडिलांचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झाल्याशिवाय हप्ता येत नाही.

थोडी जमीन कर्नाटकातल्या खानापुरात आणि थोडी महाराष्ट्रातल्या चंदगडात असेल, तर दोन्हीकडून अर्ज करू नका. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं हे एकच कुटुंब धरतात आणि लाभ एकदाच मिळतो, सातबारा पलीकडे असला तरी.