मोड आणण्याचा प्रयोग (बालशिक्षण)

कडधान्य भिजवून, त्याला मोड आणून मुलांना बी, रोप आणि आहार यांची एकत्र ओळख करून देणारा प्रयोग. बालवाडी, अंगणवाडी आणि प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या इयत्तांत तो करतात. त्यासाठी मूग सर्वांत सोयीचे. रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधले की उन्हाळ्यात दुसऱ्याच दिवशी मोड दिसतात. थंडीत जरा वाट पाहावी लागते.

पेल्यात उभ्या केलेल्या पट्टीला तीन दाणे बांधतात: वरचा कोरडा, मधला अर्धा पाण्यात, खालचा पूर्ण बुडालेला. वरच्याला पाणी नाही, खालच्याला हवा पुरत नाही. नीट वाढतो तो मधलाच. दुसऱ्या प्रकारात काचेच्या पेल्याला आतून ओला टीपकागद लावून काच आणि कागद यांच्यामध्ये दाणे ठेवतात. मूळ फुटल्यावर पेला आडवा केला, की एक-दोन दिवसांत मुळाचे टोक पुन्हा खाली वळते. आडवा करण्यापूर्वी ‘आता मूळ कुठे जाईल?’ हे मुलांकडून वदवून घ्यावे. अंदाज बांधलाच नाही, तर मुले नुसती गंमत पाहतात, प्रयोग करत नाहीत.

कोकणात बिरड्यासाठी वाल सोलतात, तो तर घरचाच धडा. साल निघते, डाळिंबीचे दोन भाग अलगद उकलले की मध्ये चिमुकला कोंब सापडतो. कोंबाला पोसणारा साठा तोच आपले अन्न, हे मुलाला बोटांनीच उमगते.

कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते. मोड येताना ते तयार होते. लोह अडवून धरणारा फायटेट हा घटक घटल्याने लोहही अधिक शोषले जाते. मात्र ओल्या उबेत जिवाणूही वाढतात, म्हणून लहान मुलांना मोड नीट शिजवूनच द्यावेत. राजमा या प्रयोगात खाण्यासाठी घेऊ नये. कच्चा राजमा विषारी असतो. लहान मुले दाणे नाकाकानात घालतात, म्हणून मोठ्या माणसाने जवळच बसावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेल्या व पुढे कोसबाडला बहरलेल्या बालशिक्षणाच्या कामात बिया, पाने, शिंपले हीच शिकण्याची साधने होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परसबाग असेल तिथे मोड आलेले थोडे मूग मातीत लावता येतात. पावसाच्या सुरुवातीला पेरलेल्या मुगाच्या शेंगा दिवाळीच्या सुटीआधी वाळतात, त्यामुळे बी ते बी हा सगळा प्रवास मुलांना एकाच सत्रात पाहता येतो.