केळ्याआधी वरण

उन्हाळा लागला की मोबाइलवर एक निरोप हमखास फिरतो: बीपी आहे? रोज एक केळं खा, पोटॅशियम मिळतं. यात खोटं काही नाही, पण हिशेब कच्चा आहे. मोठ्या माणसाला दिवसाला किमान 3510 मिलिग्रॅम पोटॅशियम हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम केळ्यात ते साधारण 400 मिलिग्रॅम. नुसत्या केळ्यांवर भागवायचं तर आठ-नऊ खावी लागतील.

अर्धापूरच्या केळीवाल्यांनी राग मानू नये, पण मराठवाड्याचं पोटॅशियम आहे ते तुरीच्या वरणात. 100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ते 1300-1400 मिलिग्रॅम असतं. माणशी 40 ग्रॅम डाळ शिजली, तर पाचशेच्या वर तिथेच मिळाले. ज्वारीच्या दोन भाकरी साडेतीनशेच्या आसपास देतात. शेंगदाणे, चाकवत, तांदुळजा, आंबाडी यांची भर वेगळी. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात बसून खाल्लेली भज्जी, म्हणजे तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र, ही तर पोटॅशियमची खाणच. अडचण अशी की वरण पातळ होत गेलं आणि भाकरीच्या जागी भात आला. पॉलिश केलेल्या तांदळात ज्वारीच्या जेमतेम तिसरा हिस्सा पोटॅशियम उरतं.

पण पोटॅशियमने रक्तदाब उतरतो कसा? मला यातला सगळ्यात आवडणारा भाग हाच.

शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं आणि सोडियम मुख्यतः बाहेर. ही विभागणी टिकवतो पेशीच्या पडद्यातला पंप: तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना तो दाखवून दिला. 1997 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता मूत्रपिंडात या. तिथे रोज सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं बहुतेक मीठ-पाणी परत रक्तात घेतलं जातं. गाळणनलिकेच्या दूरच्या टोकाकडे काही पेशी रक्तातलं पोटॅशियम सतत जोखत असतात. ते घटलं, की पेशीच्या मागच्या बाजूच्या वाहिन्यांतून पोटॅशियम जास्त बाहेर झिरपतं, पेशीचा आतला विद्युतभार अधिक ऋण होतो आणि पाठोपाठ क्लोराइडही बाहेर पडतं. आत क्लोराइड कमी झालं, की डब्ल्यूएनके नावाची विकरं जागी होतात आणि नलिकेकडच्या बाजूला सोडियम-क्लोराइड आत ओढणारं प्रथिन चालू करतात. शरीर मीठ धरून ठेवतं, मिठाबरोबर पाणी थांबतं, दाब चढतो. पोटॅशियम भरपूर असेल तर हीच साखळी उलटी चालते आणि मीठ लघवीवाटे निघून जातं. गंमत म्हणजे बीपीसाठी दिली जाणारी थायझाइड गटातली गोळी नेमकं हेच प्रथिन अडवते.

म्हणजे मीठ किती खाल्लं एवढ्यावर भागत नाही, सोबत पोटॅशियम किती आलं हेही मूत्रपिंड पाहतं. चीनमधल्या 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात मिठाचा चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइडचा केला, तर पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी घटलं; निष्कर्ष 2021 साली आले. सैंधवाने असं काही होणार नाही. ते गुलाबी असलं, महाग असलं, तरी जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं आणि त्यातलं पोटॅशियम नगण्य. ‘बीपीवाल्यांचं मीठ’ म्हणून ते विकणाऱ्यांनी पाकिटामागचा तक्ता एकदा वाचावा.

स्वयंपाकात एक लक्षात ठेवायचं. पोटॅशियम उष्णतेने नाहीसं होत नाही, पाण्यात उतरतं. पुरणाची डाळ शिजवून काढलेल्या येळवणीत ते बरंच जातं, म्हणून येळवणीची आमटी करणाऱ्या घरात ते वाया जात नाही. भाजी उकडून पाणी मोरीत ओतलं, की गेलं.

मूत्रपिंड निकामी होत चाललेल्यांना मात्र हे सगळं उलटं लागू. साठलेलं पोटॅशियम बाहेर टाकता आलं नाही, तर हृदयाचे ठोके बिघडतात, प्रसंगी थांबतात. पोटॅशियमवालं मीठ त्यांच्यासाठी नाही. बीपीच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, म्हणून त्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या ताटात डाळ-बटाटा येतो तो भरपूर पाण्यात उकडून, पाणी फेकून. येळवणीची आमटी त्याने घ्यायची नाही.