शक्ती व क्षमता प्रशिक्षक (अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल)

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल संघाची ताकद, वेग आणि दमसास घडवणारा व्यावसायिक. तिकडे त्याला ‘स्ट्रेंथ कोच’ म्हणतात. येथे फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूने, मुख्यतः हातांनी खेळला जाणारा अमेरिकी फुटबॉल. आपल्या तालमीतल्या वस्तादाची आठवण व्हावी असे हे काम, पण वस्ताद डावही शिकवतो. याच्याकडे फक्त शरीर घडवण्याचे काम असते.

वजने उचलली की अंग आखडते, खेळाडू मंदावतो, अशी समजूत १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक प्रशिक्षकांची होती. लुइझियाना राज्यात वजनांचा व्यायाम शिकवणारे ॲल्विन रॉय यांनी १९५० च्या दशकातच तिला छेद दिला होता. तरी या पेशाला स्वतंत्र ओळख मिळाली ती नेब्रास्का विद्यापीठात. तिथला बांबूउडी खेळणारा विद्यार्थी बॉइड एपली पाठीच्या दुखापतीमुळे वजने उचलू लागला. जायबंदी फुटबॉलपटू त्याचे पाहून व्यायाम करू लागले आणि पूर्वीपेक्षा दणकट होऊन मैदानात परतले. हे सहायक प्रशिक्षक टॉम ऑसबॉर्न यांच्या नजरेत भरले. १९६९ मध्ये एपलींना तासाला २ डॉलर मेहनतान्यावर नेमण्यात आले. एकही खेळाडू मंदावला तर तुमची नोकरी गेली, अशी तंबी मुख्य प्रशिक्षक बॉब डिव्हेनी यांनी दिली होती. पुढे १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला आणि इतर विद्यापीठेही असे प्रशिक्षक शोधू लागली. १९७८ मध्ये एपलींच्या पुढाकाराने या पेशाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

या पेशात शिरणारा बहुधा व्यायामशास्त्राची पदवी आणि प्रमाणपत्र परीक्षा या वाटेने येतो. सुरुवातीचे उमेदवारीचे दिवस पुष्कळदा बिनपगारी असतात: पहाटे जिम उघडायची, वजने मांडायची, पुसायची. मग सहायक आणि एखाद्यालाच प्रमुखपद. मोठ्या विद्यापीठांत प्रमुखाचा पगार लाखो डॉलरांत जातो, पण खुर्ची भक्कम नसते. संघ हरला आणि मुख्य प्रशिक्षकाला काढले, की त्याच्याबरोबर यालाही बहुधा बिऱ्हाड हलवावे लागते.

हंगाम नसताना मुख्य प्रशिक्षकाच्या सरावावर नियमांची बंधने असतात. त्या महिन्यांत खेळाडू सर्वाधिक वेळ या प्रशिक्षकाच्याच हाताखाली असतात, आणि खरा धोकाही तिथेच आहे. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या संघाला सुट्टीनंतर लगेच, कमाल क्षमतेच्या निम्म्या वजनाने १०० बैठका काढायला लावल्या. स्नायू विघटित होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरली, मूत्रपिंडे धोक्यात आली आणि १३ खेळाडूंना रुग्णालयात दाखल करावे लागले. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात ११० यार्डांच्या दौडी काढताना १९ वर्षांच्या एका खेळाडूला उष्माघात झाला. पुढे तो दगावला. त्याला वेळीच बर्फाच्या पाण्यात उतरवले नव्हते. प्रमुख शक्ती प्रशिक्षकाला पद सोडावे लागले.

एकोणीस वर्षांचा मुलगा संघातली जागा जाईल या भीतीने ‘बस’ म्हणत नाही; म्हणून थांबवण्याची जबाबदारी प्रशिक्षकाचीच. सुट्टीनंतरचे पहिले दिवस हलक्या व्यायामाचे ठेवणे हे या कामातले मूलभूत कौशल्य आहे. मैदानालगत बर्फाच्या पाण्याचा टब तयार ठेवायचा असतो, आणि उष्माघाताचा संशय आला की क्रम ठरलेला: आधी शरीर थंड करणे, मग रुग्णवाहिकेतून हलवणे.