भिंगरीचं घर आणि उलटं झालेलं कॅलेंडर

लालसर गळा, चमकदार निळीकाळी पाठ, लांब दुभंगलेली शेपटी आणि वजन जेमतेम 20 ग्रॅम, असा हा भिंगरी नावाचा पक्षी. युरोपातल्या भिंगऱ्या थंडीत पार दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात, म्हणजे एका बाजूला साधारण 10,000 किलोमीटर, आणि परत येऊन बऱ्याचदा तेच जुनं ठिकाण गाठतात. पूर्वी लोकांना खरंच वाटायचं की भिंगऱ्या थंडीत तळ्याच्या तळाशी चिखलात झोपून राहतात! मग 1911 च्या मे महिन्यात इंग्लंडमधे एका भिंगरीच्या पायात खुणेची रिंग घातली, ती भिंगरी डिसेंबर 1912 मधे दक्षिण आफ्रिकेतल्या नातालला सापडली आणि त्या कुठे जातात याचा पक्का पुरावा मिळाला.

घरटं मातीचं. नर-मादी दोघं चोचीत ओल्या चिखलाची गोळी आणतात, त्यात वाळकं गवत मिसळतात आणि वाटीचा आकार येईपर्यंत एकावर एक चिकटवत जातात, अशा हजारेक खेपा सहज होतात. आतून गवत आणि पिसांची गादी. जुनी वाटी शाबूत असेल तर डागडुजी करून तीच वापरतात, बरेच दिवस वाचतात, पण जुन्या घरट्यात रक्त पिणारे माइट्स टपलेले असतात आणि त्याचा त्रास पिल्लांना होतो, त्यामुळे फुकटचं घर नेहमी स्वस्तात पडतं असं नाही. अंडी 4-5, दोन आठवडे उबवायची, मग तीनेक आठवडे पिल्लांना किडे भरवायचे, आणि सीझन चांगला असेल तर लगेच दुसरी वीण.

आधी ही घरटी गुहांमधे असायची. माणसाने गोठे, छपरं, पूल बांधले आणि भिंगऱ्यांनी गुहा जवळपास सोडूनच दिल्या. मला सगळ्यात भारी वाटतो तो अर्जेंटिनाचा प्रकार. उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्या तिथे फक्त थंडी टाळायला यायच्या, पण 1980 च्या सुमारास काही जोड्या तिथेच पुलांखाली घरटी करताना दिसल्या आणि नंतर संख्या वाढतच गेली. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, त्यामुळे विणीचा काळ सहा महिने सरकला, पिसं बदलण्याचा काळही सरकला. आता या भिंगऱ्या वीण संपली की उत्तर अमेरिकेत जातच नाहीत, दक्षिण अमेरिकेच्याच उत्तर भागात जाऊन परत येतात, आणि हे सगळं काही दशकांत झालंय.