लॅक्टेट: मांडीतून मेंदूला निघालेला निरोप

रविवारी सकाळी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड चढताना कुणीतरी मटकन दगडावर बसतो आणि म्हणतो, "लॅक्टिक ॲसिड साठलंय पायात." सोमवारी जिना उतरताना मांड्या ठणकल्या की त्याचंही खापर त्याच्याच माथी. खरं तर चढताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट तास-दीड तासात ओसरतं. दुसऱ्या दिवशीची ठणक येते ती स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांमुळे.

स्वीडनच्या कार्ल शीलनं 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून हे आम्ल वेगळं काढलं. गडावरच्या मडक्यातल्या दह्याला आंबटपणा देतं तेच हे आम्ल. शरीरात ते लॅक्टेटच्या रूपात फिरतं. आपण निवांत बसलेलो असताना रक्तात लिटरमागे साधारण 1 मिलिमोल (रसायनाचं प्रमाण मोजायचं एकक), आणि जीव काढणाऱ्या व्यायामात 10 च्याही पुढे. ऑक्सिजन कमी पडला की स्नायूंत उरणारा कचरा, अशीच त्याची ओळख कित्येक वर्षं होती. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञ जॉर्ज ब्रूक्स यांनी ती मोडायला घेतली: एक पेशी लॅक्टेट बनवते, दुसरी ते इंधन म्हणून वापरते. हृदय तर ते आवडीनं जाळतं.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जेतला वाटा सुमारे 20 टक्के. चेतापेशींच्या शेजारी ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताराकृती पेशी असतात. त्या ग्लुकोजपासून लॅक्टेट बनवून चेतापेशींना पुरवतात, असं पेलरिन आणि मॅजिस्ट्रेटी यांनी 1994 मध्ये मांडलं. चेतापेशी या पुरवठ्यावर नेमक्या किती अवलंबून असतात, यावरून अभ्यासकांत अजून जुंपते. पण 2011 चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. अंधाऱ्या कप्प्यात शिरताच पायाला हलका झटका बसला, की उंदीर दुसऱ्या दिवशी तिकडे जायला कचरतो. क्रिस्टिना अल्बेरिनी यांच्या गटानं हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे मेंदूच्या आठवणी घडवणाऱ्या भागातल्या, ग्लायकोजेनचं (ॲस्ट्रोसाइटमधल्या ग्लुकोजच्या साठ्याचं) विघटन, आणि त्यातून होणारा लॅक्टेटचा पुरवठाच, औषधानं अडवला. मग दुसऱ्या दिवशी उंदीर झटका विसरलेले! तिथेच लॅक्टेट टोचलं, तर आठवण टिकली.

इथवर ते इंधनच झालं. निरोप्या म्हणून त्याचं काम वेगळं, कारण त्यासाठी लॅक्टेट जळावं लागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरच्या एचसीएआर1 या ग्राहक प्रथिनाला ते नुसतं चिकटलं तरी पुरतं. 2017 मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी काही उंदरांना आठवड्याला 5 दिवस, असे 7 आठवडे ट्रेडमिलवर दामटलं आणि काहींना न पळवता फक्त लॅक्टेट टोचलं. दोन्ही गटांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट झालं. जन्मतःच हे प्रथिन नसलेल्या उंदरांत मात्र व्यायामानंही फरक पडला नाही, टोचूनही नाही.

या ग्राहकाला नीट जागं करायला लिटरमागे काही मिलिमोल लॅक्टेट लागतं. निवांत असताना ते तेवढं नसतं; चढावर धाप लागली की होतं. सारसबागेत गप्पा मारत फेऱ्या घालणाऱ्यांनी लगेच नाराज होऊ नये. चालण्याचा मेंदूला फायदा होतोच, फक्त तो बराचसा दुसऱ्या वाटांनी पोचतो.