निराशेच्या काळातील ख्रिस्ती आशा

आजारपण, घरातील मृत्यू, बेकारी किंवा भोवतालच्या समाजाचा रोष यांमुळे मन खचलेले असताना देवाच्या वचनावर भिस्त ठेवून नित्याची उपासना आणि कर्तव्ये चालू ठेवावीत, ही ख्रिस्ती धर्मातील शिकवण आणि तिला धरून चालत आलेला आचार. विश्वास, आशा आणि प्रीती या तीन ईश्वरदत्त सद्गुणांमध्ये आशेची गणना होते. तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनस याच्या मते आशेचा विषय असलेले भावी कल्याण मिळण्यास कठीण, पण अशक्य नसलेले असते. जे सहज मिळणार त्याची आशा धरावी लागत नाही. हताशेप्रमाणेच, आपले सारे आपोआप ठीक होईल या फाजील खात्रीलाही त्याने आशेविरुद्धचा दोष मानले. या दुसऱ्या दोषाकडे प्रवचनांतून पुष्कळदा काणाडोळा होतो.

बायबलमधील आशेला तक्रारीचे वावडे नाही. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एकतृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात; ८८ वे स्तोत्र मात्र काळोखातच संपते, आणि तरीही उपासनेच्या संग्रहात त्याला जागा मिळाली, ही गोष्ट लहान नव्हे. हबक्कूक संदेष्टा अंजीर, द्राक्षवेली, जैतून, शेते, मेंढवाडा आणि गोठा असे एकेक रिकामे झालेले ठिकाण मोजून मगच परमेश्वराच्या ठायी आनंद करण्याची भाषा करतो. नुकसान झालेच नाही असे तो म्हणत नाही. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूत उपदेश करीत नाही. तो त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो, पुन्हा निजू देतो आणि दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो. सोळाव्या शतकात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने मन कोरडे पडले असता आधीचा निश्चय बदलू नये, प्रार्थना मात्र थोडी वाढवावी, असा नियम घालून दिला. साधकांना आजही हाच नियम सांगितला जातो.

इंदुरात १८७७ मध्ये कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनचे काम सुरू झाले आणि १८८७ मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेजची स्थापना झाली. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला माळव्यात छप्पनिया म्हणतात, मिशनने अनाथ मुलांना आश्रय दिला. या शिकवणीची अलीकडची आणि सर्वांत कठीण कसोटी मात्र कॅथलिक चर्चच्या इंदूर धर्मप्रांताच्या ग्रामीण भागात लागली. केरळात जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया या देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात भूमिहीन आदिवासींना सावकारी कर्जातून सोडवण्याचे आणि संघटित करण्याचे काम करीत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, सहप्रवाशांच्या देखत, त्यांच्यावर चाकूचे वार झाले. नाचनबोरजवळ रस्त्यावरच त्यांचा मृत्यू झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, आणि २००६ मध्ये तो सुटला त्यात या कुटुंबाच्या क्षमेचा मोठा वाटा होता. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात झालेल्या सोहळ्यात राणी मारिया यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. खून आणि राखी यांमध्ये सात वर्षे गेली, हे येथे महत्त्वाचे आहे: क्षमा तात्काळ उमलते अशी कल्पना करून दुःखितांवर घाई लादणाऱ्यांनी ही सात वर्षे ध्यानात घ्यावीत.

होळकरी काळापासून इंदुरात मराठी वस्ती मोठी आहे. शहरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबे चर्चमध्ये बहुधा हिंदीतून उपासना करतात, पण घरच्या प्रार्थनेत मराठी गीते आणि अभंग टिकून आहेत. त्यामागे मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचा वारसा आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. पतीच्या मृत्यूने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर काव्य पुढे त्यांनीच पूर्ण केले. घरात मृत्यू झाला की पाळकसाहेब किंवा फादर येतात, शेजारचे लोक सतरंजीवर बसतात, एखादे स्तोत्र वाचले जाते, गीत होते, आणि मग चहा फिरतो. ज्याला स्वतः प्रार्थना करता येत नाही त्याच्यासाठी मंडळी प्रार्थना करते. शोकाकुल माणसाकडून तेव्हा उत्साहाची अपेक्षा नसते.

निद्रानाश, अन्नावरची वासना उडणे किंवा जीव नकोसा होणे दीर्घकाळ टिकल्यास ते विश्वासाच्या उणिवेचे लक्षण ठरवणे चुकीचे आहे. अशा व्यक्तीसाठी प्रार्थना चालू ठेवून तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेणे या शिकवणीत बसते. एलीयाच्या कथेत भाकरीचा क्रम देवाच्या वाणीच्या आधी येतो.